शांत, वॉटर कूल्ड आणि ओव्हरक्लॉक केलेला गेमिंग पीसी कसा बांधायचा

भावांनो, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होत नाही, आणि कोल्हापुरात मे महिन्यात पारा ३५ च्या वर जातोय. म्हणून रेडिएटर, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी, मोठाच घ्या, ३६० एमएमचा, १२० चे तीन फॅन बसतात, ते हळू फिरवले तरी भागतंय आणि खरी शांतता तिथूनच येते.

नळाचं पाणी अजिबात नको, डिस्टिल्ड वॉटर आणि बायोसाइड (शेवाळ-जंतू वाढू न देणारं औषध), नायतर तयार कूलंट. सीपीयूवर बसतो त्या तांब्याच्या ब्लॉकला अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नका, आतून गंजतंय.

लीक टेस्ट मात्र मनापासून करा. बाकी कशालाच पॉवर न देता नुसता पंप २४ तास चालवायचा, प्रत्येक फिटिंगखाली, म्हणजे नळीच्या जोडाखाली, टिश्यू ठेवायचा. माझ्या राजारामपुरीतल्या बिल्डमध्ये संध्याकाळपर्यंत सगळं कोरडं होतं आणि सकाळी एक टिश्यू ओला, तेवढ्यावर मदरबोर्ड वाचला बघा.

फॅन सीपीयूच्या नाही तर पाण्याच्या टेंपरेचरवर लावा, पाणी सावकाश तापतं त्यामुळं फॅन सारखे वर-खाली होत नाहीत. पंप लूपमध्ये (पाणी फिरतं त्या नळ्यांच्या फेऱ्यात) सगळ्यात वर नको, हवा अडकून गुरगुरतोय.

ओव्हरक्लॉक, म्हणजे चिप ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, १०० मेगाहर्ट्झच्या टप्प्यानं, दरवेळी स्ट्रेस टेस्ट (पूर्ण भार देऊन तपासणी), व्होल्टेज अगदी शेवटी आणि थोडंच, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं वाढते. डिसेंबरात जमलेलं सेटिंग मे मध्ये दुपारी परत तपासा. आणि वळिवात लाईट जाते, यूपीएस घ्याच.