तोंडाभोवतीचं पुरळ: उपचार आणि कोडिंगमधल्या या चुका टाळा

ओठांच्या कडेनं, हनुवटीवर, नाकपुड्यांशेजारी बारीक लाल पुटकुळ्या. खाज थोडी, आग जास्त. मुरूम समजून कोणी त्यावर मुरमांचं जेल चोळतं, कोणी गजकर्ण समजून 'खाजेची ट्यूब' आणतं. आधी आरशात नीट बघा: ओठांना लागून कातडीची अरुंद पट्टी कोरी राहिली आहे का? ती पेरिओरल डर्माटायटिसची, म्हणजे तोंडाभोवतीच्या या पुरळाची, खूण. ब्लॅकहेड्स दिसले तर मुरूम. ओठांपासूनच लाली सुरू होत असेल, तर मूल सारखे ओठ चाटतंय का ते बघा. मधाच्या रंगाची खपली असेल, तर जंतुसंसर्गाचा विचार आधी.

सगळ्यात महागात पडते ती स्टिरॉइडची ट्यूब. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, यांपैकी काहीही लावलं की दोन-चार दिवसांत चेहरा निवळतो आणि 'लागू पडलं' असं वाटतं. सोडलं की पुरळ दुप्पट उफाळतं, मग पुन्हा तीच ट्यूब. २०१८ मध्ये अशी १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, गेली, तरी चिठ्ठी नसतानाही ती सहज हातात पडतात. त्यात गोरं करणारी क्रीमं. 'चेहऱ्याला काय लावता?' या प्रश्नाचं उत्तर हमखास 'काही नाही' असंच येतं, कारण क्रीमला कोणी औषध मानतच नाही. म्हणून घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. दम्याचा पंप किंवा नाकातला स्प्रे असेल तर तोही सांगा. पंप-स्प्रे मनानं बंद मात्र करू नका.

ट्यूब थांबवल्यावर पहिले काही दिवस चेहरा जास्तच बिघडतो. हे आधी सांगितलं नाही, तर पेशंट चौथ्या दिवशी परत ट्यूबकडे वळतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? सौम्य पुरळ नुसतं सगळं लावणं बंद करूनही काही आठवड्यांत जातं. नाहीतर मेट्रोनिडाझोल किंवा पिमेक्रोलिमस लावायला, आणि जास्त असेल तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या काही आठवडे. गरोदरपणात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना या गोळ्या टाळतात. फ्लोराइडच्या टूथपेस्टवरही संशय घेतला जातो, पण पुरावा तोकडा. दात किडणाऱ्या मुलाची पेस्ट मी तरी लगेच बदलणार नाही.

आता कोडिंग, म्हणजे नोंदीतल्या निदानाला ठरलेला कोड देणं. अमेरिकेतल्या नोंदी कोड करणाऱ्यांना 'डर्माटायटिस' हा शब्द दिसतो आणि हात एल३०.९ कडे (प्रकार न सांगितलेला डर्माटायटिस) जातो. आयसीडी-१०-सीएम या तिथल्या कोडच्या यादीत पेरिओरल डर्माटायटिस रोझेशियाच्या (चेहरा लाल होण्याचा आजार) गटात आहे: एल७१.०. स्टिरॉइड मलमामुळे झालं असं डॉक्टरांनी लिहिलं असेल, तर सोबत टी४९.०एक्स५ए हा औषधाच्या दुष्परिणामाचा कोड, पण एल७१.० आधी. औषधांच्या यादीत क्लोबेटासोल दिसलं म्हणून संबंध आपणच जोडायचा नाही, डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवायची. आणि ओपीडीच्या नोंदीत 'बहुधा पेरिओरल डर्माटायटिस' एवढंच असेल, तर निदानाचा कोड लागत नाही, पुरळाचा आर२१ लागतो.