ओळख झाल्यानंतरचे काम

व्यवसायात किंवा नोकरीत नव्याने पाऊल ठेवणाऱ्यांना ‘ओळखी वाढवा’ असा सल्ला सगळेच देतात. मात्र ओळख झाल्यावर पुढे नेमके काय करायचे, हे फारसे कोणी सांगत नाही. पॅकेजिंगच्या व्यवसायात अनेक वर्षे काम केल्यानंतर माझे एक मत पक्के झाले आहे. व्यावसायिक संबंधांचे भवितव्य पहिल्या भेटीपेक्षा त्या भेटीनंतरच्या पंधरवड्यात ठरते, आणि ते ठरवण्यात बोलक्या स्वभावाचा वाटा लहान व दिलेला शब्द वेळेवर पाळण्याचा वाटा फार मोठा असतो. त्यामुळे ज्यांना चारचौघांत बोलायला संकोच वाटतो, त्यांनी या कामाचा धसका घेण्याचे काहीच कारण नाही.

ज्यांच्याशी आपली जेमतेम ओळख असते अशी माणसे कामाला का येतात, याचा अभ्यास समाजशास्त्रात पूर्वीच झालेला आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना त्यांनी विचारलेला एक साधा प्रश्न आहे: ज्या व्यक्तीकडून ही माहिती मिळाली, ती तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटत असे? वारंवार भेटत असे, असे सांगणारे सुमारे 17 टक्के होते. अधूनमधून भेट होत असे, असे सांगणारे सुमारे 56 टक्के, तर क्वचितच भेट होत असे, असे सांगणारे सुमारे 28 टक्के होते. पाहणी लहान होती, पण तिच्यामागचे कारण आपल्यालाही पटण्यासारखे आहे. जवळचे मित्र आपल्याच वर्तुळात वावरतात, त्यामुळे त्यांना जे कळते ते बहुधा आपल्यालाही आधीच कळलेले असते. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातल्या माणसाकडून येते. पुढे 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळावरील सुमारे दोन कोटी लोकांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. नोकरी बदलण्यास सर्वाधिक उपयोग होतो तो मध्यम प्रतीच्या सैल ओळखींचा, म्हणजे जिथे काही समान परिचित आहेत पण घसट नाही अशा ओळखींचा, असे त्यात आढळले. नवख्या माणसाने यातून घ्यायचा अर्थ असा की, कार्डावरच्या अनोळखी नावाला या मधल्या पायरीपर्यंत आणणे आणि तिथे टिकवून ठेवणे एवढेच आपले उद्दिष्ट असावे. प्रत्येकाशी मैत्री होण्याची गरज नसते आणि तशी अपेक्षाही धरू नये.

प्रदर्शनाला किंवा परिषदेला जाण्यापूर्वीची तयारी थोडकीच असते. सहभागी होणाऱ्यांची यादी आधी वाचावी, ज्यांच्या कामाबद्दल खरोखर कुतूहल आहे अशी मोजकी नावे निवडावीत आणि स्टॉलवर गर्दी नसेल अशा वेळी जावे. आपला परिचय दोन वाक्यांत संपवून समोरच्याला त्याच्या कामाविषयी विचारावे. ‘तुम्ही काय करता’ या प्रश्नाला ठरावीक उत्तर मिळते. ‘सध्या कोणत्या गोष्टीत सर्वांत जास्त वेळ जातो’ असे विचारले, तर माणूस मोकळेपणाने बोलू लागतो.

एका प्रदर्शनात मी हाच प्रश्न एका लहान कारखान्याच्या मालकांना विचारला. मालाच्या थप्पीतील सर्वांत खालची कोरुगेटेड (आत नागमोडी थर असलेल्या पुठ्ठ्याची) खोकी प्रवासात दबून फुटतात आणि जाड पुठ्ठा वापरावा तर खर्च परवडत नाही, असे ते म्हणाले. ‘मी याबद्दल दोन दिवसांत लिहून कळवतो,’ एवढेच मी त्यांना सांगितले. परत आल्यावर त्यांना निरोप पाठवून खोकी कशी रचली जातात याचे छायाचित्र मागवले. खोकी भिंतीतल्या विटांसारखी सांधा चुकवून रचलेली दिसत होती. कोरुगेटेड खोक्याचा भार पेलण्याचा जोर मुख्यतः त्याच्या चार उभ्या कोपऱ्यांत असतो. सांधा चुकवला की वरच्या खोक्याचा कोपरा खालच्या खोक्याच्या मऊ मध्यभागावर येतो आणि तो भाग दबतो. शिवाय दमट हवेत पुठ्ठा ओलावा धरून आणखी कमजोर होतो. कोपऱ्यावर कोपरा येईल अशी सरळ थप्पी लावावी, ती घसरू नये म्हणून बाहेरून स्ट्रेच फिल्म, म्हणजे ताणली जाणारी पातळ प्लास्टिकची पट्टी, गुंडाळावी आणि माल थेट जमिनीवर न ठेवता पॅलेटवर, म्हणजे माल ठेवण्याच्या सपाट फळीच्या चौकटीवर, ठेवावा, असे मी लिहिले. सोबत माझ्या सेवांचे माहितीपत्रक मुद्दामच जोडले नाही. त्यांच्याकडून मला बराच काळ कोणतेही काम मिळाले नाही. परंतु त्यांच्या एका पुरवठादाराला पॅकेजिंगची अडचण आली, तेव्हा त्यांनी माझे नाव सुचवले, आणि त्या पुरवठादाराशी माझा व्यवहार आजही सुरू आहे. त्या निरोपातील ज्ञान काही दुर्मीळ नव्हते, आमच्या क्षेत्रात ते कोणालाही ठाऊक असते. सांगितलेल्या दिवशी ते पोहोचले आणि त्यात काही मागणे नव्हते, हे त्यांच्या लक्षात राहिले.

हे जमण्यासाठी टिपणाची सवय लावून घ्यावी. भेट झाली त्याच संध्याकाळी वहीत चार गोष्टी लिहाव्यात: माणूस कोण, भेट कुठे झाली, त्याची सध्याची अडचण कोणती आणि आपण काय कळवण्याचे कबूल केले. यातील चौथी नोंद सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ओघात ‘पाठवतो’, ‘विचारून सांगतो’ असे म्हणून आपण विसरून जातो, पण समोरचा विसरत नाही. जे करणे शक्य नाही ते त्या क्षणी कबूलच करू नये. भिडेखातर दिलेला होकार पुढे दोघांनाही अवघड होतो.

दोन माणसांची एकमेकांशी गाठ घालून देणे हे या साऱ्या व्यवहारातील सर्वांत मोलाचे आणि सर्वांत निष्काळजीपणे केले जाणारे काम आहे, असे मला वाटते. अनेकजण एकाचा फोन नंबर दुसऱ्याला परस्पर देऊन मोकळे होतात. त्याऐवजी दोघांना वेगवेगळे विचारावे, दोघांचीही संमती असेल तरच पुढे जावे, आणि ओळख करून देताना कोणाला कशासाठी भेटायचे आहे ते तीन-चार ओळींत स्पष्ट लिहावे. कोणी आपल्यासाठी शब्द टाकला, तर त्या माणसाची पत आपल्या वागण्यावर अवलंबून असते. म्हणून भेटीला वेळेवर जावे, आणि काम झाले असो वा नसो, काय ठरले ते ओळख करून देणाऱ्याला आवर्जून कळवावे. नवखी माणसे नेमकी इथे गप्प राहतात. काम झाले नाही हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटतो. मात्र शिफारस करणाऱ्याला ‘कामापुरता मामा’ झाल्याची भावना त्या मौनामुळेच येते.

आपल्याकडे देण्यासारखे काय आहे, असा प्रश्न विद्यार्थी मला नेहमी विचारतात. अनुभव नसला तरी वेळ आणि लक्ष देता येते. एखाद्याच्या व्याख्यानाची नीट टिपणे काढून ती त्याला पाठवणे, त्याने सुचवलेले साधन वापरून पाहून कुठे अडले ते प्रामाणिकपणे कळवणे, त्याच्या विषयावरची नवी माहिती दिसली तर एका ओळीसह पुढे पाठवणे, या गोष्टींना पद लागत नाही. दोन गोष्टी मात्र कधीही देऊ नयेत. एका ग्राहकाकडे कळलेला दर किंवा योजना दुसऱ्याला सांगून जवळीक साधू नये, कारण ऐकणारा त्याच क्षणी ओळखतो की उद्या त्याचेही गुपित असेच बाहेर जाईल. तसेच खरेदीचा निर्णय ज्याच्या हाती आहे त्याला महागडी भेटवस्तू देऊ नये. तिने त्याची अडचण होते आणि आपल्या कामाच्या गुणवत्तेविषयी शंका निर्माण होते.

किती माणसांशी संबंध राखता येतात, यालाही मर्यादा आहे. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी 1992 मध्ये मेंदूच्या आकारावरून मांडलेला सुमारे 150 माणसांचा आकडा सर्व अभ्यासकांना मान्य नाही; पण मर्यादा असते हे प्रत्येकाच्या अनुभवाचे आहे. म्हणून सरसकट सर्वांना सणावाराचे ठरावीक संदेश पाठवण्यापेक्षा मोजक्या माणसांना कारण असेल तेव्हा लिहावे.

खंड पडलेल्या ओळखींकडेही दुर्लक्ष करू नये. डॅनियल लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये ‘ऑर्गनायझेशन सायन्स’मध्ये मांडलेल्या अभ्यासात, अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षे संपर्क नसलेल्या परिचितांकडे आपल्या चालू कामाविषयी सल्ला मागितला, तेव्हा तो नावीन्यपूर्ण आणि उपयुक्त ठरल्याचे दिसले. मधल्या काळात त्या माणसाने वेगळे जग पाहिलेले असते आणि जुना विश्वास बऱ्याच अंशी शाबूत असतो. अशा वेळी लांबलचक क्षमायाचना टाळून सरळ लिहावे: ‘आपण अमुक कामात एकत्र होतो. सध्या मी तमुक विषयावर काम करत आहे आणि या एका मुद्द्यावर आपले मत हवे आहे. दहा मिनिटे बोलता येईल का? सवड नसल्यास तसे कळवावे, माझी काहीच तक्रार नाही.’ उत्तर आले नाही तर काही आठवड्यांनी एकदाच आठवण करावी आणि नंतर थांबावे. नाव वहीतून खोडू नये. ती व्यक्ती पुढे कधी काही विचारण्यासाठी आली, तर त्याच दिवशी उत्तर द्यावे.