कन्सोल कोणता घ्यावा: प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेंडो यांतून निवडण्याची रीत

दुकानात पाऊल ठेवताच विक्रेता बहुधा 'टेराफ्लॉप', म्हणजे यंत्राची गणनशक्ती मोजण्याचे एकक, हा शब्द काढतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सचे १२, सोनीच्या प्लेस्टेशन ५ चे १०.२८ आणि एक्सबॉक्सच्याच स्वस्त सिरीज एसचे ४, हे आकडे खरे आहेत. परंतु हे तिन्ही कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याची यंत्रे, आणि त्यांच्या जोडीला निन्टेंडोचे स्विच वापरून झाल्यावर माझे मत असे बनले आहे की, निवड करताना या आकड्यांचा उपयोग सर्वांत कमी होतो. १२ आणि १०.२८ यांतला फरक सोफ्यावर बसून मला आजवर दिसलेला नाही. आपले मित्र कशावर खेळतात, घरात टीव्हीसमोर कोण बसणार आहे आणि पुढच्या पाच वर्षांत गेमवर किती पैसे जाणार आहेत, हे तीन प्रश्न मात्र निकाल लावतात, आणि ते दुकानात जाण्यापूर्वी घरीच सोडवावे लागतात.

पाच वर्षांचा हिशेब

भारतात सिरीज एक्स १० नोव्हेंबर २०२० रोजी आणि प्लेस्टेशन ५ हा २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला, तेव्हा दोघांची किंमत नेमकी सारखी, म्हणजे ४९,९९० रुपये होती. डिस्क न घेणारा प्लेस्टेशन ३९,९९० रुपयांना आणि सिरीज एस ३४,९९० रुपयांना मिळत होता. पूर्वी कन्सोल जुना होत गेला की स्वस्त होत असे, त्यामुळे 'दोन वर्षे थांबा, मग घ्या' हा सल्ला शहाणपणाचा ठरत असे. या पिढीत उलटे घडले. डिस्कवाल्या प्लेस्टेशनची किंमत २०२२ च्या नोव्हेंबरात ५४,९९० रुपयांवर गेली आणि एक्सबॉक्सही अनेक देशांत महागला. त्यामुळे सणासुदीच्या सवलतीची वाट जरूर पाहावी, पण नुसते थांबल्याने किंमत उतरेल या आशेवर राहू नये.

खरा खर्च पुढे असतो. प्लेस्टेशन ५ चा मोठा नवा गेम आपल्याकडे ४,९९९ रुपयांना येतो. वर्षाला चार गेम घेतले, तर पाच वर्षांत वीस गेम होतात आणि बेरीज ९९,९८० रुपयांवर जाते, म्हणजे कन्सोलच्या जवळजवळ दुप्पट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हा प्रकार. म्हणून कन्सोल निवडण्यापूर्वी एका कागदावर मागील वर्षी आपण प्रत्यक्षात कोणते गेम खेळलो आणि त्यांतले किती पूर्ण केले, हे लिहून काढावे. मी ते केले तेव्हा नऊपैकी तीनच गेम शेवटपर्यंत खेळलेले निघाले.

या कागदावरूनच डिस्क की डिजिटल याचे उत्तर मिळते. जो माणूस एक गेम घेतो, महिनाभर मन लावून खेळतो आणि पुढच्या गेमकडे वळतो, त्याने डिस्कवालाच कन्सोल घ्यावा. ४,९९९ रुपयांची डिस्क खेळून झाल्यावर तीन हजारांना विकली गेली, तर तो गेम दोन हजारांत पडला, आणि हाच व्यवहार वीस वेळा केला की चाळीस हजारांत सगळे भागते. डिजिटल आवृत्तीत सुरुवातीला वाचलेले दहा हजार रुपये तीन-चार गेममध्येच संपतात, कारण तेथे घेतलेला गेम ना विकता येतो, ना मित्राला चार दिवस देता येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तापकीर गल्लीच्या आसपास किंवा ऑनलाइन, हाताळलेल्या डिस्क मिळतात त्या बहुतांश प्लेस्टेशनच्याच. एक्सबॉक्सच्या डिस्क आपल्याकडे शोधाव्या लागतात. नंतर पश्चात्ताप झाल्यास स्लिम प्लेस्टेशनच्या डिजिटल आवृत्तीला डिस्क ड्राइव्ह वेगळा जोडता येतो, डिस्क न घेणाऱ्या सिरीज एसला मात्र तशी सोय नाही.

ज्याच्या कागदावर अर्धवट सोडलेल्या गेमची रांग असेल, त्याचे गणित वेगळे आहे. अशा चोखंदळ, किंवा स्पष्टच बोलायचे तर चंचल, गेमरसाठी एक्सबॉक्सची गेम पास ही २०१७ पासून चालत आलेली, गेमच्या साठ्यातून हवे ते खेळू देणारी वर्गणी योग्य आहे. तिच्या वरच्या योजनेत मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या स्टुडिओंचे गेम पहिल्याच दिवशी मिळतात. सोनीची प्लेस्टेशन प्लस ही योजना २०२२ पासून तीन पायऱ्यांची झाली असून भारतात तिची वरची पायरी 'डिलक्स' या नावाने विकली जाते; तिच्यात जुन्या गेमचा साठा मोठा आहे, परंतु सोनीचे स्वतःचे मोठे नवे गेम पहिल्या दिवशी तेथे येण्याची अपेक्षा धरू नये. दोन्हीकडे एक अट समान आहे: वर्गणी थांबली की त्या साठ्यातले गेम बंद होतात, आणि वर्गणी चालू असतानाही अधूनमधून काही गेम यादीतून जातात. अर्धा झालेला गेम असा निघून गेला की काय वाटते, ते मी अनुभवले आहे. विकत घेतलेला गेम इतरांशी ऑनलाइन खेळण्यासाठीही दोन्हीकडे पैसे भरावे लागतात. फोर्टनाइटसारख्या मोफत गेमना मात्र ही वर्गणी लागत नाही, ही गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते आणि मुलांच्या हट्टापायी वर्गणी उगीच भरली जाते.

निष्ठा बाजूला ठेवावी

कन्सोलवरून भांडणे ही आमच्या जमातीची जुनी खोड आहे. पण इतिहास पाहिला, तर कंपन्यांनी स्वतः हे वैर कधी फार मनावर घेतलेले दिसत नाही. प्लेस्टेशनचा जन्मच निन्टेंडोबरोबरच्या बिनसलेल्या सोयरिकीतून झाला: निन्टेंडोच्या यंत्राला सीडी ड्राइव्ह जोडण्याचे काम सोनीकडे होते, १९९१ साली शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने त्याची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने आपण फिलिप्सबरोबर जात असल्याचे जाहीर केले. सेगा तर निन्टेंडोचा कट्टर प्रतिस्पर्धी. त्याने २००१ मध्ये कन्सोल बनवणे थांबवले आणि २००७ मध्ये निन्टेंडोचा मारिओ व सेगाचा सॉनिक एकाच ऑलिंपिकच्या गेममध्ये धावताना दिसले. आज तर सीमारेषा आणखी पुसट झाली आहे. मायक्रोसॉफ्टचा फोर्झा होरायझन ५ हा गेम २०२५ च्या एप्रिलमध्ये प्लेस्टेशनवर आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोनीने प्रकाशित केलेला हेलडायव्हर्स २ एक्सबॉक्सवर गेला.

यावरून निवडीपुरता निष्कर्ष असा निघतो की, एक्सबॉक्सचे गेम खेळण्यासाठी एक्सबॉक्सच हवा, ही सक्ती आता उरलेली नाही. सोनीचे अनेक कथाप्रधान गेम संगणकावरही आले आहेत, परंतु कन्सोलपुरते बोलायचे तर ते बहुतेक प्लेस्टेशनवरच राहतात. निन्टेंडोचे मारिओ आणि झेल्डा मात्र घर सोडून दुसऱ्याच्या कन्सोलवर जात नाहीत. ज्याला एकच कन्सोल घ्यायचा आहे आणि जो मुख्यतः एकट्याने खेळतो, त्याला मी डिस्कवाला प्लेस्टेशन ५ सुचवतो. ज्याच्याकडे जुन्या एक्सबॉक्स ३६० च्या डिस्क पडून आहेत, त्याने सिरीज एक्सचा विचार करावा, कारण त्यांतल्या अनेक डिस्क तो स्वीकारतो. प्लेस्टेशन ५ हा प्लेस्टेशन ४ चे जवळजवळ सर्व गेम चालवतो, पण प्लेस्टेशन ३ ची डिस्क त्यात चालत नाही. सिरीज एस मला लहान खोलीसाठी, १०८० पी (फुल एचडी) टीव्हीसाठी आणि वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आवडतो. मात्र त्याच्या ५१२ जीबीच्या मूळ आवृत्तीत वापरण्याजोगी जागा सुमारे ३६४ जीबीच असते, आणि एकेक मोठा गेम शंभर जीबी ओलांडतो.

या सगळ्यावर मात करणारा मुद्दा मित्रांचा आहे. २०१८ साली सोनीने फोर्टनाइटसाठी दार उघडल्यापासून वेगवेगळ्या कन्सोलवरच्या खेळाडूंना एकत्र खेळता येऊ लागले, तरी ही सोय प्रत्येक गेममध्ये नसते. चौघे मित्र रविवारी रात्री फुटबॉल खेळत असतील, तर त्यांच्याकडे जो कन्सोल आहे तोच घ्यावा आणि टेराफ्लॉप विसरून जावे.

निन्टेंडोचे प्रकरण

स्विच हा मार्च २०१७ मध्ये आणि स्विच २ हा ५ जून २०२५ रोजी बाजारात आला, पण निन्टेंडो भारतात अधिकृतपणे कन्सोल विकत नाही. येथे मिळतो तो आयात केलेला माल, आणि त्याची वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. गंमत अशी की, पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा आपल्या पुराणकथांवर उभा असलेला गेम ऑगस्ट २०२० मध्ये कन्सोलपैकी प्रथम स्विचवरच आला, म्हणजे पुण्यात तयार झालेला गेम पुण्यात अधिकृतपणे न मिळणाऱ्या यंत्रावर आधी पोहोचला.

तरीही ज्या घरात सात वर्षांची मुलगी, तिचा बाबा आणि सुट्टीत येणारी आत्या असे सगळे एकत्र खेळणार आहेत, तेथे मी दुसऱ्या कशाचे नाव घेणार नाही. कन्सोलच्या दोन बाजूंचे जॉय-कॉन हे छोटे कंट्रोलर काढून दोघांच्या हातात दिले की लगेच खेळ सुरू होतो. स्वतःचा पडदा आणि बॅटरी असल्याने बाहेरगावी नेण्यासाठीही तो उत्तम आहे. मात्र स्विच २ ची बॅटरी निन्टेंडोच्याच म्हणण्यानुसार २ ते ६.५ तास टिकते, आणि भारी गेम लावला की खालचाच आकडा खरा ठरतो. पुण्याहून पूर्ण चार्ज करून निघालेला माणूस कल्याण येईपर्यंत चार्जर शोधू लागतो.

परदेशातल्या नातेवाइकाकडून तो मागवताना एक काळजी घ्यावी. जपानमध्ये स्विच २ ची एक स्वस्त आवृत्ती ४९,९८० येनला निघाली. ती फक्त जपानी भाषेत चालते आणि तिला जपानचेच निन्टेंडो खाते लागते. बहुभाषी आवृत्ती तेथे ६९,९८० येनची होती. टोकियोहून येणाऱ्या भाच्याला ही गोष्ट आधी सांगितली नाही, तर तो कौतुकाने स्वस्तातला घेऊन येईल. निन्टेंडोचे भारतासाठी ऑनलाइन दुकान नसल्याने खात्याचा देश दुसरा ठेवावा लागतो आणि त्या देशाचे गिफ्ट कार्ड वापरावे लागते.

परदेशी डिस्कच्या बाबतीत माझी स्वतःची फजिती झालेली आहे. मावसभावाने दुबईहून एक गेम आणला, डिस्क निमूटपणे चालली, आणि नंतर मी त्याच गेमला जोडायचा जादा भाग येथील खात्यातून पैसे भरून घेतला, तो काही केल्या उघडेना. डिस्क ज्या प्रदेशाची असेल त्याच प्रदेशाच्या खात्यातून तिचे जादा भाग घ्यावे लागतात, हे मला तेव्हा कळले. म्हणून डिस्कच्या खोक्यावरचा प्रदेशाचा क्रमांक आधी पाहावा. प्लेस्टेशनच्या खात्याचा देश तर एकदा निवडला की बदलता येत नाही. खाते उघडताना घाईने भलताच देश निवडू नये.

टीव्ही, वीज आणि कंट्रोलर

कन्सोल आणण्यापूर्वी टीव्हीच्या मागे टॉर्च घेऊन बघावे. ४के चित्र सेकंदाला १२० वेळा दाखवणारे एचडीएमआय २.१ चे भोक अनेक टीव्हींना एक किंवा दोनच असते आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत '४के १२०' असे छापलेले असते. नेमके त्यातच सेट-टॉप बॉक्सची वायर खोचलेली असते. ती काढून दुसरीकडे लावावी आणि टीव्हीचा 'गेम मोड' चालू करावा. बटण दाबणे आणि पडद्यावर उडी दिसणे यांतला विलंब त्याने जितका कमी होतो, तितका महागड्या कन्सोलनेही होत नाही. टीव्ही साधा १०८० पीचा असेल आणि बदलायचा विचार नसेल, तर सिरीज एक्सवर जादा पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

इंटरनेटचाही हिशेब करावा. शंभर जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सव्वादोन तासांत उतरतो, ४० एमबीपीएसवर त्याला साडेपाच तास लागतात. वीज जाणाऱ्या भागात लहान यूपीएस लावावा, कारण डाउनलोड चालू असताना यंत्र अचानक बंद पडणे कोणत्याच कन्सोलला मानवत नाही. प्लेस्टेशन ५ खेळताना साधारण २०० वॅट घेतो. त्याला काचेच्या बंद शोकेसमध्ये कोंडू नये.

कंट्रोलरच्या बाबतीत माझे मन प्लेस्टेशनकडे झुकते. धनुष्याची दोरी ताणताना त्याच्या ड्युअलसेन्स कंट्रोलरचा ट्रिगर बोटाला खरोखर विरोध करतो. पण त्याची बॅटरी आत बंद असते. एक्सबॉक्सचा कंट्रोलर दोन पेन्सिल सेलवर चालतो, हे जुनाट वाटते खरे. तरी ऐन सामन्यात सेल संपले, तर घड्याळातले काढून घालता येतात, आणि मी ते केलेले आहे.

खरेदीच्या दिवशी

पक्के बिल घ्यावे आणि त्यावरचा सिरियल क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवावा. मी एकदा हजार रुपये वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर कन्सोल घेतला. सहा महिन्यांनी त्याचे एचडीएमआयचे भोक सैल झाले तेव्हा दुकानदाराने ओळखही दाखवली नाही. वापरलेला कन्सोल घेणार असल्यास तो विकणाऱ्याच्या घरी, त्याच्याच टीव्हीवर अर्धा तास चालवून पाहावा. डिस्क आत घालून बाहेर काढावी, पंख्याचा आवाज ऐकावा, आणि जुन्या मालकाचे खाते काढून यंत्र पूर्ण रिकामे करून घ्यावे. शेवटी सेटिंगमध्ये किंवा एखाद्या गेममध्ये दोन्ही स्टिकना हात न लावता कंट्रोलर मांडीवर ठेवून द्यावा. मिनिटभरात पडद्यावरचे पात्र आपणहून एका बाजूला सरकू लागले, तर नव्या कंट्रोलरची किंमत ठरलेल्या रकमेतून वजा करूनच पैसे मोजावेत.