शाळेचं मंत्रिमंडळ फोटोपुरतं नको असेल तर

जुलै उजाडला की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शालेय निवडणुकीचे फोटो यायला लागतात. बोटाला शाई लावलेली पोरं, दारावर खडूने लिहिलेलं मतदान केंद्र, गळ्यात हार घातलेला मुख्यमंत्री. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी त्याच मुख्यमंत्र्याला विचारा की बाळा तुझं काम काय, तर तो म्हणतो "सर आले की सगळ्यांना उभं रहा म्हणायचं". आमच्याकडे पण पहिली दोन वर्षं हेच झालं, खोटं कशाला बोलू. पाचवी ते आठवीची जिल्हा परिषद शाळा, चार वर्ग आणि शिक्षक तीन, त्यामुळे पोरांनी खरंच कामं उचलली तर आपलाच जीव वाचतो. आम्हाला जे जमलं ते सांगतो.

आधी कामं ठरवा, उमेदवार नंतर. बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीची खात्यांची यादी काढतात आणि नावं भरतात, तिथेच सगळं फसतं. त्यापेक्षा शनिवारी सकाळच्या शाळेत बालसभा घ्या आणि विचारा की शाळेत तुम्हाला काय काय खटकतं. सुरुवातीला पाच मिनिटं कोणी बोलणार नाही, बोलूही नका, थांबा. आमच्या यादीत आलं ते असं: टाकीचा नळ गळतो, गोष्टीच्या पुस्तकांच्या कपाटाला कायम कुलूप, मुलींच्या टॉयलेटची कडी तुटलीय, कबड्डीत पाचवीच्या पोरांना कोणी घेत नाही. झाली की खाती तयार, पाणी, ग्रंथालय, आरोग्य, क्रीडा. सहलमंत्री मात्र काढून टाकला, सहल वर्षातून एकदा, ती पण गेली तर, बाकी वर्षभर तो मंत्री बेरोजगार.

निवडणूक कशी घ्यायची हे झेडपीच्या शिक्षकाला सांगायची गरजच नाही, केंद्राध्यक्षाच्या ड्युट्या करून करून आपल्याला ते पाठ झालेलं असतं. अर्ज, छाननी, माघार, चिन्हवाटप, दोन दिवस प्रचार, मग मतदान. हजेरीपट हीच मतदार यादी. शाईला स्केचपेन चालतं, खरी शाई म्हैसूरच्या कारखान्यात बनते आणि १९६२च्या निवडणुकीपासून वापरात आहे एवढं मात्र पोरांना जाताजाता सांगा, त्यांना भारी वाटतं. अनामत रक्कम पैशात नको, प्रत्येक उमेदवाराने एक रोप आणायचं. खऱ्या निवडणुकीत एक षष्ठांश मतांच्या वर गेलं नाही तर अनामत जप्त होते, आमच्याकडे जिंकलेल्याचं पण रोप जप्त, सगळी कुंपणाच्या कडेला लागतात.

मोबाईलवर मतदान यंत्राचं ॲप मिळतं, बटण दाबलं की बीप वाजतो, पोरं खूश. पण मी म्हणेन एकदा तरी चिठ्ठ्यांवर घ्या, कारण मोजणी पोरांच्या हातात रहाते, बाद मतं का बाद यावर भांडणं होतात, टक्केवारी काढावी लागते, आठवीचं गणित आपोआप होतं. आणि नोटा, म्हणजे "यापैकी कोणीही नाही" हा पर्याय, ठेवाच. देशात तो २०१३ पासून आहे मग शाळेत का नको. आमच्याकडे क्रीडामंत्री पदाला एकटाच पोरगा उभा होता, बिनविरोध म्हणून सोडून देणार होतो पण म्हटलं घेऊ मतदान, तर ३१ मतांपैकी १४ नोटाला. दोन दिवस पोरगा गप्पच होता. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बघतो तर पाचवीच्या दोघांना स्वतःहून टीममध्ये घेतलेलं, कोणी काही सांगितलं नव्हतं.

एक नियम आम्ही लिहूनच ठेवलाय, स्वच्छता आणि सांस्कृतिक मुलींना, क्रीडा आणि मुख्यमंत्री मुलांना, असं वाटप चालणार नाही. हे आपोआप होत असतं बरं का, कोणी मुद्दाम करत नाही, म्हणूनच लिहावं लागतं. दुसऱ्या नंबरची मतं ज्याला तो विरोधी पक्षनेता, त्याने आठवड्याला एक प्रश्न विचारायचाच, नाही विचारला तर त्याला पण जाब.

शपथविधी झाला की खरी गंमत. मंत्र्याला तीन गोष्टी द्या, चावी, वही आणि दोन मिनिटं. ग्रंथालय मंत्र्याला कपाटाची चावी खरोखर द्या, पुस्तकं हरवतील, हरवू द्या, आमची वर्षात सहा हरवली आणि त्यातली चार उन्हाळ्यात परत आली. वहीत तारीख आणि काय केलं एवढंच, सुंदर अक्षराचा आग्रह नको. दोन मिनिटं म्हणजे सोमवारच्या परिपाठात सुविचार आणि दिनविशेष झाल्यावर एका मंत्र्याने उभं राहून सांगायचं की काय झालं आणि काय नाही झालं. "नाही झालं" म्हटल्यावर सरांनी ओरडायचं नाही, हे आपल्यालाच अवघड जातं.

पोषण आहाराच्या मंत्र्याला चांगलं काम आहे. पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, तर आजच्या हजेरीवरून किती किलो निघायला हवा हे त्याने पाटीवर काढायचं आणि वजनकाट्यावर बघायचं. पण स्वयंपाकाच्या मावशींवर त्याला पोलीस करू नका, एकदा आमच्या मंत्र्याने सगळ्यांसमोर त्यांना टोकलं आणि मावशी दोन दिवस बोलल्या नाहीत, चूक आमची होती. कमी-जास्त वाटलं तर त्याने शिक्षकांना सांगायचं, बस. तक्रारपेटीची चावी पण मंत्र्याकडे नको, ती मोठ्या माणसाकडेच, शक्यतो बाईंकडे, त्यात काय निघेल सांगता येत नाही. टॉयलेटच्या कडीचं प्रकरण आरोग्यमंत्री मुलीने शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत स्वतः मांडलं, समितीत ७५ टक्के पालकच असतात, त्यातल्या एकाने पुढच्याच रविवारी येऊन बसवून दिली. आम्ही वर्षभर पत्रं लिहित बसलो होतो.

आता परीक्षा-बक्षिसांचं. अभ्यासमंत्र्याचं काम पहिला नंबर काढणं नाही, कोणाची संधी सुटत नाही ना हे बघणं. आठवीला एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते, पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. पोरं अभ्यासात नाही अडकत, उत्पन्नाच्या दाखल्यात आणि आधारवरच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये अडकतात, म्हणून जुलैतच अभ्यासमंत्र्याने आठवीच्या प्रत्येकाचं आधार आणि हजेरीपटावरचं नाव जुळवून यादी करायची. इन्स्पायर मानक या विज्ञानातल्या नव्या कल्पनांच्या सरकारी योजनेसाठी सहावीपासून पुढची पोरं कल्पना पाठवू शकतात, निवडली तर १०,००० रुपये मुलाच्या बँक खात्यात येतात, तेव्हा खातं आधी उघडून ठेवा. कल्पना यूट्यूबवरची नको, घरातली अडचण विचारा, कांदा चाळीत सडतो, आजीला रात्री गोळ्या ओळखू येत नाहीत, यातूनच निघतं काहीतरी. सहावीवाल्यांना होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेबद्दल पण सांगा. तालुक्याच्या १४ वर्षांखालच्या खेळांना जन्मतारखेचा पुरावा ऐनवेळी शोधायला लागतो, ते काम क्रीडामंत्र्याकडे.

सन्मानाच्या फळ्यावर तीच ती चार हुशार नावं नकोत. आमच्या फळ्यावर गेल्या वर्षी "टाकीचा वॉशर बदलला" म्हणून सातवीतल्या एकाचं नाव महिनाभर होतं आणि त्याचे वडील खास बघायला आले होते, फोटो काढून घेऊन गेले.

एप्रिलमध्ये आठवी जाते, म्हणजे अर्धं मंत्रिमंडळ जातं. तेव्हा वह्या कपाटात कोंबू नका, जुन्या मंत्र्याने सातवीच्या मुलांना बसवून वही वाचून दाखवायची, शेवटच्या पानावर काय राहिलं ते लिहायचं आणि खाली सही. आमच्या पाण्याच्या वहीत शेवटचं वाक्य आहे, "मागचा नळ अजून गळतो, सर बघतो म्हणाले."