डोंगल लावलं, पण लिनक्सला मोडेम सापडत नाही?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ऑफिसात लाइनचं नेट गेलं की कपाटातलं यूएसबी डोंगल बाहेर येतं, आणि लिनक्सच्या पीसीवर ते नुसती सीडी म्हणून दिसतं. ड्रायव्हर शोधत बसण्याआधी एवढं करा:

१. टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेसेज -डब्ल्यू' (लिनक्सचे हार्डवेअरबद्दलचे संदेश येतील तसे दाखवणारी कमांड) चालू ठेवा आणि मगच डोंगल लावा. निम्म्या अडचणी इथेच कळतात.

२. त्या संदेशांत फक्त 'यूएसबी-स्टोरेज' आणि 'एसआर०' (सीडी ड्राइव्हचं नाव) आलं, तर डोंगल अजून सीडी मोडमध्ये आहे. 'यूएसबी-मोडस्विच' पॅकेज टाका, डोंगल काढून परत लावा. 'एलएसयूएसबी'मध्ये (लावलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी कमांड) डोंगलच्या आयडीचा कोलननंतरचा भाग बदलला म्हणजे मोड बदलला.

३. आयडी बदलला, पण 'टीटीवाय-यूएसबी०' (मोडेमचा पोर्ट) येत नाही? बहुधा 'ऑप्शन' या यूएसबी मोडेमच्या ड्रायव्हरला तो आयडी माहीत नाही. 'मॉडप्रोब ऑप्शन' चालवून ड्रायव्हर लोड करा आणि नवा आयडी त्या ड्रायव्हरच्या 'न्यू-आयडी' फाइलमध्ये लिहा. रीबूटनंतर हे पुसलं जातं. कायम हवं असेल तर युडेव्ह नियम (उपकरण लावताच आपोआप चालणारी सूचना) करा.

४. सारखं 'यूएसबी डिसकनेक्ट' येत असेल, तर आधी वीज तपासा. यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५०० मिलीअँपिअर. रेंज कमी असली की डोंगल जास्त करंट ओढतं. लांब एक्स्टेंशन काढा, मागचा पोर्ट किंवा अडॅप्टरवाला हब वापरा.

जपायचं एकच: 'सीडीसी-डब्ल्यूडीएम०' (नेटवर्क म्हणून चालणाऱ्या डोंगलचा कंट्रोल पोर्ट) दिसत असेल तर तिसरी पायरी करू नका. 'ऑप्शन' नेटवर्कचा इंटरफेसही बळकावू शकतो, आणि चालू असलेलं नेट बंद पडतं.