थट्टेचं इंग्रजी : या चुका टाळा

अनुवाद तपासताना एकदा हे वाक्य समोर आलं : 'आजोबा नेहमीप्रमाणे माझे पाय ओढत होते.' मूळ इंग्रजीत आजोबा नातवाची फिरकी घेत होते. मराठीत येताना ते एकदम ऑफिसच्या राजकारणात उतरले! आपल्याकडे पाय ओढणारा माणूस वर चढणाऱ्याला खाली खेचतो. इंग्रजीत 'लेग पुलिंग' म्हणजे चेहरा गंभीर ठेवून काहीतरी थाप ठोकायची आणि समोरचा फसला की हसायचं, तेही बहुधा मायेनं. 'फिरकी घेणं' इतका नेमका शब्द घरात असताना पाय कशाला ओढायचे?

या वाक्प्रचाराची एक गोष्टही फिरत असते. लंडनच्या टायबर्नला फाशी देत तेव्हा दोरावर तडफडणाऱ्याचे हाल लवकर संपावेत म्हणून आप्त त्याचे पाय ओढत, त्यातून हा शब्दप्रयोग आला म्हणे. पाय ओढले जात हे खरं आहे. पण टायबर्नची शेवटची फाशी १७८३ सालची आणि हा वाक्प्रचार छापील सापडतो तो थेट एकोणिसाव्या शतकात. शिवाय मरणाऱ्यावर केलेल्या दयेतून गंमत कशी उगवली, हे गोष्ट सांगणारा कधीच सांगत नाही.

सगळ्यांना 'उपहास' म्हणून मोकळं होणं

सार्कॅझम आणि आयरनी यांची सरमिसळ ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. दोन्हींत बोलायचं एक आणि सुचवायचं दुसरं असू शकतं, म्हणून गोंधळ होतो. उगम पाहिला की दोघांचे स्वभाव वेगळे दिसतात.

सार्कॅझमच्या मुळाशी ग्रीक 'सार्क्स' म्हणजे मांस हा शब्द आहे. त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ कुत्र्यासारखे लचके तोडणं. दगडी शवपेटीला सार्कोफॅगस म्हणतात त्यातही हेच मांस आहे : मांस खाणारा दगड. तेव्हा सार्कॅझमला कुणीतरी भक्ष्य लागतं. तासभर उशिरा आलेल्याला 'या, फार लवकर आलात!' म्हणणं हा सार्कॅझम. आपण त्याला खवचट बोलणं म्हणतो.

आयरनीचा जन्म मात्र रंगभूमीवरचा. ग्रीक सुखात्मिकांत 'आयरॉन' नावाचं एक ठरावीक पात्र असे. हा माणूस स्वतःला कमी दाखवी, काही ठाऊक नसल्याचा आव आणी आणि फुशारकी मारणाऱ्याला अलगद तोंडघशी पाडी. आपल्याकडे याला वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात, आणि मला तरी 'आयरॉन'चं याहून चांगलं मराठी सुचलेलं नाही. 'मला बापड्याला काय कळतंय, तुम्हीच सांगा' असं म्हणत प्रश्न विचारणारा सॉक्रेटिस हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. या शब्दाचा 'आयर्न' म्हणजे लोखंडाशी काही संबंध नाही.

पुढे आयरनीचा अर्थ पसरला आणि परिस्थितीतल्या विसंगतीलाही तो शब्द लागू झाला. अग्निशमन केंद्रालाच आग लागली तर ती आयरनी. लग्नाच्या दिवशी पाऊस पडला तर तो नुसता पाऊस. मात्र ज्योतिषानं कोरडा मुहूर्त काढून दिला आणि त्याच्याच मुलीच्या लग्नात मांडव गळला, तर आयरनी म्हणायला हरकत नाही. मराठीत बोलण्यातल्या आयरनीला 'उपरोध' आणि घटनेतल्या आयरनीला, प्रसंग दुःखाचा असेल तर, 'दैवदुर्विलास' चालतं. हिंदीच्या प्रभावानं इथे 'विडंबना' लिहिलेलं दिसतं, ते टाळावं. हिंदीत विडंबना म्हणजे आयरनी. मराठी माणसाला मात्र तो शब्द ऐकताच नक्कल, नाहीतर अप्रतिष्ठा आठवते. त्याचंच दुसरं रूप 'विटंबना' तर आपण पुतळ्याच्या बातमीत वापरतो.

ऐकायला सारखं, म्हणून सोयरं

'टॉन्ट' आणि हिंदीतला 'ताना' एकच, असं ठामपणे सांगणारे मला अनेक भेटले आहेत. 'टॉन्ट मारू नकोस' असं मुलं सर्रास म्हणतात, त्यामुळे शंकाही येत नाही. ताना अरबीतून आला, आणि तिथे त्याच्या मुळाशी भोसकण्याचा अर्थ आहे. इंग्रजी शब्द बहुधा फ्रेंचमधल्या 'जशास तसं' अशा अर्थाच्या बोलावरून आला असावा. दोघांची गावंच वेगळी. आपला टोमणा आहे, तोच वापरावा.

ही चूक फक्त आपलीच नाही. सटायर, म्हणजे समाजातल्या दोषांची टर उडवणारं लेखन, हा शब्द ग्रीक पुराणातल्या 'सॅटर' या बकऱ्याच्या पायांच्या, दारुड्या वनचरांवरून आला, असं युरोपातले पंडितही मानत होते. इंग्रजीत त्याचं स्पेलिंगसुद्धा तसं केलं जाई, आणि सटायर लिहायचं तर भाषा रांगडी हवी, असं कवींना वाटे. १६०५ मध्ये आयझॅक कॅसॉबन या विद्वानानं दोन्हींची फारकत करून दाखवली. सटायर लॅटिन 'सातुरा'वरून आला. नाना प्रकारच्या फळांनी भरलेल्या, देवापुढे ठेवायच्या ताटाशी तो शब्द जोडलेला होता. नैवेद्याचं भरलेलं ताट म्हणा हवं तर. सगळ्यावर थोडं थोडं लिहिलेलं, असा त्याचा साहित्यातला अर्थ झाला.

क्विझची पैज

ही गोष्ट मलाही फार आवडायची. डब्लिनमध्ये नाटक कंपनी चालवणाऱ्या डेली नावाच्या माणसानं पैज मारली की चोवीस तासांत एक निरर्थक शब्द गावभर करून दाखवीन. रातोरात भिंतींवर 'क्विझ' लिहवून घेतलं आणि पैज जिंकली. साल सांगतात १७९१. अडचण एवढीच की फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेच्या रोजनिशीत हा शब्द १७८२ मध्येच आलेला आहे. तेव्हा क्विझ म्हणजे विचित्र दिसणारा माणूस किंवा वस्तू, आणि क्रियापद म्हणून टर उडवणं. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'मध्ये एक पोरगा स्वतःच्या आईच्या टोपीला क्विझ म्हणतो! जुनी इंग्रजी पुस्तकं अनुवादित करताना तिथे 'प्रश्नमंजूषा' घालू नये. परीक्षेचा अर्थ नंतरचा आहे.

मॉक आणि टीझ

'मॉक टेस्ट' म्हणजे परीक्षेची चेष्टा नव्हे, हे पालकांना सांगावं लागत नाही. पण एकाच शब्दात नक्कल आणि टिंगल दोन्ही का, असं विचारलं जातं. उत्तर आपल्याच 'विडंबन'मध्ये आहे : संस्कृतातही त्याचे हेच दोन अर्थ. शाळेत कुणी कुणाला वेडावून दाखवलं की नक्कल कुठे संपली आणि टिंगल कुठे सुरू झाली, हे मास्तरांनाही सांगता येत नाही.

टीझचा मूळ अर्थ लोकर पिंजणं. धागे ओढून मोकळे करायचे, तसं माणसाला छेडायचं. भारतीय इंग्रजीनं यातून 'ईव्ह-टीझिंग' काढलं आणि गुन्ह्याला गमतीचा शब्द चिकटला. बातमीचं भाषांतर करताना तिथे थट्टा, चेष्टा, मस्करी यांतलं काहीही चालणार नाही. छेडछाड हा शब्दही सौम्यच पडतो. फौजदारी कायद्यातल्या २०१३च्या दुरुस्तीनंतर कायद्यातच 'लैंगिक छळ' आहे, तो जसाच्या तसा घ्यावा.

शेवटी ट्रोल

समाजमाध्यमांवरचा ट्रोल म्हणजे स्कँडिनेव्हियन कथांमधला राक्षस, असा समज आहे. चित्रंही तशीच काढतात. मुळात मासेमारीत 'ट्रोलिंग' म्हणजे गळाला आमिष लावून ते चालत्या होडीमागून पाण्यात ओढत नेणं. नेटवरच्या जुन्या मंडळींनी नवख्यांना चिडवायला हाच शब्द उचलला, राक्षस त्यात मागाहून शिरला. म्हणून 'ट्रोलिंग'चं मराठी करताना मी नेहमी आधी पाहतो : लिहिणारा शिव्या घालतोय, की कुणीतरी चवताळून उत्तर द्यावं म्हणून गळ टाकून बसलाय? पहिल्याला शिवीगाळ म्हणतो. दुसऱ्याला 'काडी टाकणं' म्हणतो, आणि संपादकांनी ते अजून एकदाही बदललेलं नाही.