मागून सायरन आला की आधी इंडिकेटर, मग स्टिअरिंग

सासवडहून पेशंट घेऊन निघालं की दिवे घाट उतरायचा, मग वडकी, फुरसुंगी, भेकराईनगर, हडपसरचा गाडीतळ, फातिमानगर, पुलगेट आणि शेवटी ससून. सोळा वर्षं हा रस्ता मी तुडवला. आधी एका खासगी दवाखान्याच्या अँब्युलन्सवर, नंतर १०८ वर. १०८ च्या गाडीवर ड्रायव्हरला 'पायलट' म्हणतात. बायको म्हणायची, पायलट आहात ना, मग एकदा विमानानं माहेरी सोडा. आता गुडघे बोलायला लागलेत, म्हणून मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये पोरांना क्लच-ब्रेक शिकवतो.

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत प्रश्न येतो, की मागून अँब्युलन्स आली तर काय कराल? 'गाडी कडेला घेऊन वाट द्या' यावर सगळे न चुकता टिक करतात. पुढे पक्कं लायसन्स मिळालं की त्यातलाच एखादा गाडीतळाच्या चौकात अँब्युलन्सपुढे करकचून ब्रेक मारतो. मुद्दाम आडवे येणारे मला सोळा वर्षांत फार थोडे भेटले. गोंधळलेले रोज भेटायचे. हे त्या गोंधळलेल्यांसाठी लिहितोय.

आधी ऐकू तर येऊ द्या

काचा वर, एसी चालू, गाणी चालू. अशा गाडीत सायरन कानावर पडेपर्यंत माझं बोनेट तुमच्या डिकीपाशी आलेलं असतं. त्यात दोन्ही बाजूंना इमारती असल्या की आवाज आपटून फिरतो, कुठून येतोय तेच कळत नाही. म्हणून शंका आली की गाणी बंद करा, काच चार बोटं खाली घ्या आणि तिन्ही आरसे बघा. अँब्युलन्सच्या तोंडावर अक्षरं उलटी रंगवतात ती तुमच्या आरशात सुलटी दिसावीत म्हणूनच. ज्यांनी आतला आरसा केस विंचरायला वळवून ठेवलाय, त्यांना काय दिसणार?

आणखी एक खूण सांगतो. मोकळ्या रस्त्यावर आम्ही सायरनचा लांब ओढलेला सूर ठेवतो. चौक किंवा गर्दी आली की बहुतेक जण तो तुटक, घाईचा करतात. सूर बदललेला ऐकलात तर समजा, गाडी जवळ आली.

डावीकडे, पण कसं

पहिलं काम डावा इंडिकेटर. स्टिअरिंगला हात त्यानंतर. इंडिकेटर दिसला की मला कळतं हा डावीकडे निघालाय, मी उजवीकडून काढायची तयारी करतो. तुम्ही पुढच्या तीन सेकंदांत काय करणार हे मला कळलं, की माझं निम्मं काम झालं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, पण ब्रेकवर आदळू नका. हळूहळू सरका आणि जागा मिळेपर्यंत चालत राहा. चालत्या गाडीला वळसा घालता येतो, अचानक उभी राहिलेली गाडी म्हणजे भिंत.

ब्रेकचं एवढं का सांगतो? मागच्या भागात कधी कधी सीपीआर चालू असतो. मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची, तीही हलत्या गाडीत, दोन्ही हात गुंतलेले, धरायला काही नाही. एका पावसाळ्यात फुरसुंगीच्या पुढे एक पांढरी गाडी माझ्यासमोर गपकन थांबली. मलाही ब्रेक दाबावा लागला. मागे डॉक्टर मॅडमचं कपाळ औषधांच्या कपाटाच्या कडेवर आपटलं. पेशंट हवाली केल्यावर त्यांनी तीन टाके घालून घेतले. त्या गाडीवाल्यानं ब्रेक मारला होता तो मला वाट द्यायलाच. त्याला मी काय बोलणार?

डावीकडे जागाच नसेल तर उगाच दुसऱ्याच्या अंगावर गाडी घालू नका. इंडिकेटर चालू ठेवा, थोडा वेग वाढवून पुढे चला, फट दिसली की शिरा. एकाच लेनचा उड्डाणपूल असेल तर मध्ये थांबण्यापेक्षा तो पार करून बाजूला व्हा.

आणि सगळंच ठप्प असेल तेव्हा? दुभाजकाला लागून असलेल्यांनी आणखी उजवीकडे दाबायचं, बाकीच्यांनी डावीकडे. मधून वाट निघते. पण दाबायला पुढे जागा हवी. म्हणून गर्दीत उभं राहतानाच पुढच्या गाडीची मागची चाकं आपल्याला दिसतील एवढं अंतर सोडायची सवय लावा. डिकीला नाक लावून उभे असाल तर मनात कितीही दया असो, गाडी हलत नाही. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर अँब्युलन्स आली की एवढी गर्दी दुभंगते, बघितलंय ना? तिथं ना लेन ना इंडिकेटर. पहिले दोघं-चौघं हात पसरून मागे सरतात, त्यांचं बघून बाकीचे. रस्त्यावरही तसंच आहे. पहिल्यानं गाडी सरकवली की मागचे आपोआप सरकवतात. तो पहिला तुम्ही व्हा.

लाल सिग्नलला पुढे उभे असाल तर

खांबासारखं उभं राहू नका आणि डोळे मिटून चौकात घुसूही नका. आडव्या रस्त्यानं भरधाव येणाऱ्या टेम्पोला तुमच्या मागची अँब्युलन्स दिसत नाही. दोन्हीकडे बघून, पादचारी नाहीत याची खात्री करून, स्टॉपलाइनच्या थोडं पुढे डाव्या कोपऱ्यात गाडी सरकवा आणि तिथंच थांबा. पोलिसानं हात केला तर त्याचं ऐका. 'पण चलन आलं तर?' हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. आलंच, तर महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार करता येते. वेळ आणि चौक लिहून ठेवा, डॅशकॅम असेल तर व्हिडिओ जपा.

घाटात

वळणावर थांबायचं नाही, एवढंच. पुढची रुंद जागा येईपर्यंत चला आणि तिथं कडेला घ्या. दिवे घाटात मला सगळ्यात चांगली वाट ट्रकवाल्यांनी दिली. भरलेला ट्रक चढावर लगेच बाजूला होत नाही, पण क्लीनर खिडकीतून हात काढून सांगतो: थांब, थांब, आता ये. त्या हातावर मी डोळे मिटून भरवसा ठेवायचो.

'रिकामीच चाललीय'

हे वाक्य मी स्वतः चहाच्या टपरीवर ऐकलंय. अहो, पेशंटला आणायला गाडी रिकामीच जाणार! कधी आत पेशंट असूनही सायरन बंद असतो, कारण हार्टचा माणूस त्या आवाजानं जास्त घाबरतो. तेव्हा नुसते दिवे फिरत असतात. तेवढं पुरे समजा.

कायद्याचं एका ओळीत सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ई आलं. अँब्युलन्स, अग्निशमन किंवा तशा तातडीच्या वाहनाला वाट न दिल्यास दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

बंबाचं मात्र वेगळं आहे. पाच हजार लिटर पाणी घेतलेल्या बंबात पाच टन नुसतं पाणीच असतं, आणि ते ब्रेक मारल्यावरही आत हेलकावत राहतं. बंबाला लवकर आणि जास्त जागा द्या. मोठी आग असेल तर तो एकटा नसतो. एक गेला की लगेच रस्त्यावर येऊ नका, पाठोपाठ दुसरा असतो.

दुचाकीवाल्यांनो, कानातले ते इअरफोन काढा. आणि मी गेल्यावर परत लेनमध्ये येताना सगळ्यांनीच उजवा इंडिकेटर द्या आणि मान वळवून बघा. फुकटची वाट मिळाली म्हणून माझ्या मागे चार मोटारसायकली चिकटलेल्या असतात.